नाण्यावरचं लढाऊ विमान: घेण्याआधी कसं वाचायचं

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्पिटफायर विमानाच्या पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी ११.२३ मीटर. ब्रिटनच्या दोन पौंडांच्या नाण्याचा व्यास २८.४ मिलिमीटर. कडेनं अक्षरांना जागा सोडली की विमानाच्या वाट्याला फार तर वीस मिलिमीटर येतात, म्हणजे खरं विमान साधारण ५६० पटींनी लहान करावं लागतं. पुढच्या पंख्याचं पातं खऱ्या विमानावर वीतभर रुंद असतं, ते नाण्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या आत येतं. पंखातून पुढे डोकावणाऱ्या तोफेच्या नळीला उरतो एक दशांश मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाएवढी जाडी. आणि हे कागदावर छापायचं नसतं, धातूत उठवायचं असतं.

असं नाणं हातात आल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘याची किंमत किती?’ त्याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. विमानाच्या नाण्याच्या किमतीत तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: आतला धातू, टांकसाळीची कारागिरी आणि बाजारातला दुर्मिळपणा. विकणारा तिन्हींचा एकच आकडा सांगतो. घेणाऱ्यानं मात्र ते तीन आकडे वेगळे करायला शिकलं पाहिजे. तेवढं जमलं तर फसण्याच्या बहुतेक वाटा बंद होतात.

एकच विमान, चार नाणी

उदाहरणासाठी ब्रिटनचीच मालिका घेऊ. रॉयल एअर फोर्सची स्थापना १ एप्रिल १९१८ ची. शताब्दीला, २०१८ मध्ये, वेल्समधल्या लँट्रिसंट इथल्या रॉयल मिंट या टांकसाळीनं दोन पौंडांची पाच नाणी काढली. एकावर हवाई दलाचं चिन्ह, बाकी चारांवर स्पिटफायर, व्हल्कन बॉम्बर, सी किंग हेलिकॉप्टर आणि एफ-३५ लढाऊ विमान. कडेवर हवाई दलाचं लॅटिन ब्रीद कोरलेलं आहे, ‘पेर आर्दुआ आद आस्त्रा’, म्हणजे खडतर वाटेनं ताऱ्यांकडे. ही नाणी दुकानातल्या सुट्ट्या पैशांत सोडलेली नव्हती, संग्राहकांसाठीच होती.

यातलं प्रत्येक नाणं चार रूपांत निघालं. पहिलं साध्या धातूचं. आपल्या दहा रुपयांच्या नाण्यासारखं बाहेर कडं आणि आत चकती. कडं निकेल-पितळेचं, चकती तांबं-निकेलची, वजन १२ ग्रॅम. दुसरं चांदीचं प्रूफ, म्हणजे आरशासारखी चकाकी येईल अशा खास पद्धतीनं पाडलेलं. वजन तेवढंच १२ ग्रॅम, पण ९२५ शुद्धतेची (हजारात ९२५ भाग) चांदी, आणि कडं पिवळं दिसावं म्हणून त्यावर सोन्याचा पातळ मुलामा. तिसरं ‘पिडफोर्ट’, म्हणजे त्याच व्यासाचं पण दुप्पट जाड चांदीचं, २४ ग्रॅम. चौथं २२ कॅरेट सोन्याचं, १५.९७ ग्रॅम. फोटोत पहिली तिन्ही जवळजवळ सारखी दिसतात. म्हणून ऑनलाइन घेताना फोटोवर जाऊ नका, आधी वजन आणि धातू विचारा.

आता धातूचा आकडा काढू. एकूण वजन गुणिले शुद्धता, एवढंच करायचं. चांदीच्या प्रूफमध्ये १२ × ०.९२५ = ११.१ ग्रॅम शुद्ध चांदी. पिडफोर्टमध्ये २२.२ ग्रॅम. सोन्याच्या नाण्यात १५.९७ × ०.९१६७, म्हणजे १४.६४ ग्रॅम शुद्ध सोनं. याला त्या दिवसाच्या ग्रॅमच्या भावानं गुणलं की नाण्याची तळाची किंमत मिळते. उद्या विमानात कुणालाच रस उरला नाही तरी सराफ साधारण एवढे पैसे देईल, थोडी घट कापून. साध्या धातूच्या नाण्याला असा तळच नसतो. त्याची मागणी आटली तर ते दोन पौंडांवर येऊन थांबतं.

आपल्याकडच्या नाण्यांनाही हाच हिशेब लागू. भारतात अनेक वर्षं शंभर रुपयांची स्मारक नाणी ४४ मिलिमीटर व्यासाची, ३५ ग्रॅमची आणि चार धातूंच्या मिश्रणाची निघत आली: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. दिसायला ते चांदीचं भरभक्कम नाणं वाटतं, पण शुद्ध चांदी १७.५ ग्रॅमच असते. विकणारा ‘३५ ग्रॅम चांदीचं’ म्हणाला तर तो निम्मंच खरं सांगतोय.

मुलाम्याबाबत तर आकडा काढून बघाच. जाहिरातीत ‘२४ कॅरेट सोन्यानं मढवलेलं लढाऊ विमानांचं नाणं’ असतं, लाकडी पेटीत, मखमलीवर. समजा व्यास ३८.६ मिलिमीटर आहे. दोन्ही बाजू आणि कड मिळून पृष्ठभाग साधारण २६ चौरस सेंटिमीटर भरतो. अशा वस्तूंवर मुलामा अनेकदा एक दशांश मायक्रॉनच्या आसपास असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याला सोन्याच्या घनतेनं गुणलं की सोनं भरतं जेमतेम पाच मिलिग्रॅम. नाकातल्या बारीक चमकीतही यापेक्षा पुष्कळ जास्त असतं. तिथे पैसे पडतात ते पेटीचे.

नाणं की पदक

नाणं आणि पदक यांतला फरक इथेच सांगायला हवा. नाणं ते, ज्यावर एखाद्या देशाचं नाव आणि दर्शनी मूल्य असतं आणि जे त्या देशाच्या कायद्यानं काढलेलं असतं. हे दोन्ही नसेल तर ते पदक, मग विक्रेता काहीही म्हणो. पदक वाईट असतं असं नाही, काही पदकांवरची कारागिरी नाण्यांहून सरस असते. पण नाण्याचा म्हणून जो बाजार आहे तो पदकाला मिळत नाही.

दुसरी एक गोष्ट माहीत असावी. काढणारा देश एक आणि पाडणारी टांकसाळ दुसरी, असं सर्रास असतं. मार्शल बेटांनी १९९० च्या दशकात दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची पुष्कळ नाणी काढली. त्या देशात रोजचा व्यवहार अमेरिकी डॉलरमध्येच होतो. तुवालूत ऑस्ट्रेलियन डॉलर चालतो, कुक बेटांवर न्यूझीलंडचा, आणि त्यांच्या नावावरची बरीच नाणी ऑस्ट्रेलियातल्या पर्थ मिंटमध्ये पडतात. ही नाणी खोटी मुळीच नाहीत. पण एखादं हवाई दल स्वतःच्या देशाच्या नाण्यावर येणं आणि दूरच्या बेटाच्या नावावर त्याच विमानाचं चित्र विकलं जाणं, यांत संग्राहक फरक करतात आणि तो पुनर्विक्रीच्या भावात दिसतो.

दर्शनी मूल्याबद्दलही गैरसमज आहेत. ‘लीगल टेंडर’, म्हणजे कायदेशीर चलन, लिहिलंय म्हणजे बँक बदलून देईल, असं नसतं. ब्रिटनमध्ये या शब्दाचा अर्थ अगदी अरुंद आहे, तो कोर्टात कर्ज फेडण्यापुरता. दुकानदारानं किंवा बँकेनं स्मारक नाणं घेतलंच पाहिजे असं बंधन त्यातून येत नाही.

टांकसाळीत विमान कसं उठतं

कारागिरीचे पैसे आपण कशाचे देतो ते कळायला नाणं पडतं कसं हे पाहावं लागेल. आधी चित्र तयार होतं, मग त्याचा उठाव. पूर्वी हा उठाव ताटाएवढ्या मोठ्या प्लास्टरमध्ये घडवत आणि यंत्रानं लहान करत पोलादी ठशावर उतरवत. आता शिल्पकार बहुतेक वेळा संगणकावरच त्रिमितीय उठाव करतो आणि यंत्र तो पोलादात कोरतं. त्या मूळ ठशावरून कामाचे ठसे निघतात. ठशात खोल असेल ते नाण्यावर वर येतं.

दोन ठशांच्या मधे धातूची कोरी चकती येते आणि प्रचंड दाब पडतो. त्या क्षणी धातू वितळत नाही, पण मळलेल्या कणकेसारखा सरकतो आणि ठशाच्या खोल्यांत शिरतो. विमानाच्या नाण्याची खरी अडचण इथे असते. या ब्रिटिश नाण्यांवर एका बाजूला मध्यभागी राणी एलिझाबेथचं डोकं, तोही मोठा उठाव. दुसऱ्या बाजूला त्याच जागी विमानाचं धड. दोन्ही खोल्या समोरासमोर आल्या की मधला धातू दोन्हीकडे ओढला जातो आणि एकीकडे कमी पडतो. मग विमानाची पाठ सपाट, भोंगळ दिसते. चांगला शिल्पकार म्हणून विमान जरा तिरकं ठेवतो, धड मध्यातून हलवतो किंवा उठाव उथळ ठेवून कडा धारदार करतो. नाणं उजेडात तिरकं धरून पाहा: विमानाच्या सर्वांत उंच जागी, कॉकपिटच्या काचेवर किंवा इंजिनाच्या पाठीवर, बारीक रेषा टिकल्यात का? टिकल्या असतील तर धातू पूर्ण भरलाय.

विमान कुठल्या कोनातून दाखवलंय यालाही महत्त्व आहे. व्हल्कनचा अखंड त्रिकोणी पंख वरून किंवा खालून पाहिला की लांबूनही ओळखू येतो. आमच्या मते या चार विमानांत नाण्याला सर्वांत मानवणारा आकार त्याचाच. १९८२ च्या फॉकलंड युद्धात हीच विमानं असेन्शन बेटावरून निघून, वाटेत हवेत पुन्हा पुन्हा इंधन भरून, जवळपास १२,००० किलोमीटरचा जाऊन-येऊन पल्ला गाठत होती. स्पिटफायरची ओळख लंबवर्तुळाकार पंखांत आहे. पंख बाजूनं दिसतील असं चित्र घेतलं तर ती ओळखच हरवते. हेलिकॉप्टरचं उलटं. ते वरून पाहिलं तर नुसतं फुलीचं चिन्ह, म्हणून बाजूनंच दाखवावं लागतं, आणि मग १८.९ मीटर व्यासाच्या पंख्याची पाती नाण्यावर सुतासारखी बारीक येतात. एफ-३५ चं अंग मुद्दाम गुळगुळीत ठेवलेलं आहे, रडारला सापडू नये म्हणून. तो गुळगुळीतपणा धातूत मुका दिसतो, म्हणून शिल्पकाराला पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा थोड्या ठळक कराव्या लागतात.

प्रूफ म्हणजे नेमकं काय? अनेकांना वाटतं, प्रूफ म्हणजे दर्जाचं प्रमाणपत्र. तसं नाही. ही नाणं पाडण्याची एक पद्धत आहे. चकत्या आधी घासून-पुसून चकचकीत करतात. ठशाचा सपाट भाग आरशासारखा होईपर्यंत पॉलिश करतात आणि चित्राचा भाग वाळूच्या माऱ्यानं किंवा लेसरनं खरखरीत ठेवतात. मग सावकाश, जास्त दाबानं आणि एकाहून जास्त वेळा ठोका देतात. नाणं हातमोज्यांनी उचललं जातं. विमानाच्या नाण्यात याचा फार सुंदर परिणाम होतो: आकाश आरसा होतं आणि विमान पांढऱ्या तुषारासारखं त्यावर तरंगतं. एका बाजूनं पाहिलं तर काळ्या आकाशात पांढरं विमान, दुसऱ्या बाजूनं पांढऱ्या आकाशात करडं. प्रूफ स्पिटफायर घेणाऱ्याला साध्या नाण्यापेक्षा जास्त पैसे द्यावेसे वाटतात ते यासाठी, आणि ते पैसे योग्य जागी पडतात.

ठसे झिजतात तसा खरखरीत भाग गुळगुळीत होत जातो. म्हणून सुरुवातीच्या नाण्यांवर विमान जास्त पांढरं आणि उशिराच्यांवर फिकट असू शकतं. दोन नाणी शेजारी ठेवायची संधी मिळाली तर ती सोडू नका.

भारतात यासाठी प्रूफ आणि यूएनसी हे दोन शब्द चालतात. यूएनसी म्हणजे चलनात न गेलेलं, पण साध्या पद्धतीनं पाडलेलं. मुंबईच्या टांकसाळीची खूण यूएनसी नाण्यावर हिरा असते आणि प्रूफवर ‘एम’ हे इंग्रजी अक्षर. हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, कोलकात्याची खूणच नसते. फोर्टमधल्या मुंबई टांकसाळीची इमारत १८२० च्या दशकात उभी राहिली आणि स्मारक नाण्यांचं मोठं काम तिथे होतं. भारतीय हवाई दलाच्या अमृत महोत्सवाला, १९३२ ते २००७ असा काळ नोंदवत, सरकारनं दोन रुपयांचं नाणंही काढलं होतं. हे आजही संग्राहकांकडे सहज सापडतं.

रंग आणि सोन्याचा तुकडा

धातूला लाल-निळा गोल दाखवता येत नाही, आणि विमानाच्या पंखावरचं ते वर्तुळ म्हणजे त्याची ओळख. म्हणून काही टांकसाळी नाण्यावर रंग छापतात, मऊ सिलिकॉनच्या गादीनं शाई उचलून नाण्यावर दाबतात. पहिल्या दिवशी ते देखणं दिसतं. पण शाई धातूपेक्षा मऊ असते, घासली की निघते. आणि पुढे साफसफाईबद्दल जे सांगितलंय त्यातलं ॲसिटोन रंगीत नाण्यावर कधीही वापरू नका. रंग विरघळतो आणि परत येत नाही.

सोनं आणि चांदी एकत्र वापरण्याचं सर्वांत समंजस उदाहरण कॅनडाचं आहे. रॉयल कॅनेडियन मिंटनं १९९० ते १९९९ या दहा वर्षांत दरवर्षी दोन, अशी वीस डॉलरची २० नाणी काढली. चांदी ९२५, वजन ३१.१०३ ग्रॅम, व्यास ३८ मिलिमीटर. प्रत्येकावर एक विमान आणि एका लहान लंबगोलात त्या विमानाशी जोडलेल्या माणसाचा चेहरा. सोन्याचा मुलामा फक्त त्या लंबगोलाला. सगळी विमानं लष्करी नाहीत, बीव्हर आणि ट्विन ऑटरही आहेत. पण १९९० चं लँकेस्टर बॉम्बरचं नाणं घ्या. त्यावरचा चेहरा जॉन फोकियेचा, जो युद्धाच्या शेवटच्या काळात ६१७ स्क्वाड्रनचा प्रमुख होता. १९९६ चं ॲव्हरो ॲरो या कॅनडाच्या लढाऊ विमानाचं नाणं तर बोलकंच. हे विमान २५ मार्च १९५८ ला पहिल्यांदा उडालं आणि २० फेब्रुवारी १९५९ ला सरकारनं अख्खा प्रकल्प रद्द केला. तयार विमानं तोडून भंगारात काढली. आज पूर्ण ॲरो कुठेच उभं नाही. नाण्यावर मात्र ते धडधाकट आहे, शेजारी जेम्स चेंबरलिन. ॲरोचा हा अभियंता पुढे नासात गेला आणि जेमिनी यानावर काम केलं.

या मालिकेची कमाल मर्यादा प्रत्येकी ५०,००० होती, पण प्रत्यक्षात विकली गेली त्याहून कमी. हा फरक ध्यानात ठेवा. जाहिरातीत ‘फक्त इतकीच नाणी’ असा जो आकडा असतो ती वरची मर्यादा असते. त्याहून कमी पाडली जाऊ शकतात, आणि खरा आकडा टांकसाळ नंतर जाहीर करते. दुर्मिळपणा त्या खऱ्या आकड्यावर मोजायचा. शिवाय एकच चित्र साध्या धातूत, चांदीत, पिडफोर्टमध्ये आणि सोन्यात निघालं असेल तर चारही आकडे एकत्र पाहा. ‘सोन्याची इतकीच’ हे खरं असेल, पण ज्याला ते चित्र हवं त्याच्यासाठी स्वस्तात हजारो नाणी बाजारात आहेत.

दुर्मिळपणाची उलटी बाजूही आहे. अमेरिकेच्या टस्कीगी एअरमेन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय वैमानिकांच्या, स्मारकाचं पाव डॉलरचं नाणं २०२१ मध्ये निघालं, ‘अमेरिका द ब्यूटिफुल’ मालिकेतलं शेवटचं, ५६ वं. उड्डाणाच्या तयारीतला कृष्णवर्णीय वैमानिक आणि वर दोन पी-५१ मस्टँग विमानं. त्यावर लिहिलंय, ‘ते दोन युद्धं लढले’: एक शत्रूशी, दुसरं वर्णभेदाशी. हे नाणं साध्या रूपात चलनात आलं, म्हणजे अमेरिकेत राहणाऱ्या कुणाच्याही सुट्ट्या पैशांत ते पाव डॉलरला मिळू शकतं. त्यासाठी पेटी आणि प्रमाणपत्रासह दहापट मोजायची गरज नाही. ते बाजूनं उलटलं की चित्र खाली डोकं वर पाय येतं म्हणून त्याला चुकीचं नाणं समजू नका. अमेरिकी नाणी वर-खाली उलटतात. ब्रिटन, कॅनडा आणि भारताची नाणी बाजूनं उलटतात. ब्रिटनच्या नाण्यात मात्र विमान उलटं आलं तर ठसा फिरलाय, आणि अशी चूक संग्राहकांना हवी असते.

मुंबईचा एक धागा स्पिटफायरशी जोडलेला आहे, तो मराठी संग्राहकाला माहीत असावा. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सच्या १२२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या नावात ‘बॉम्बे’ होतं आणि १३२ च्या नावात ‘सिटी ऑफ बॉम्बे’. दोन्ही स्पिटफायर उडवत होत्या. स्पिटफायरचं नाणं संग्रहात ठेवायला याहून चांगलं कारण शोधायची गरज नाही.

नाणं हाती आल्यावर

तपासणीला तीन वस्तू पुरतात: ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, डिजिटल कॅलिपर आणि दहा पटींचं भिंग. नाणं डबीत असेल आणि प्रूफ असेल तर डबी उघडू नका. उघडी नाणी मऊ कपड्यावर, कडेनं धरून तपासा.

वजन आधी. मग व्यास आणि जाडी. जाडी का? तांबं-निकेलची घनता साधारण ८.९ आहे आणि ९२५ चांदीची साधारण १०.३६. नकली नाणं चांदीच्या वजनाचं करायचं असेल तर धातू आकारमानानं सुमारे १६ टक्के जास्त लागतो. व्यास बरोबर ठेवला तर तो जास्तीचा धातू जाडीत जातो. वजन आणि व्यास जुळले पण जाडी फुगली, तर परत द्या. डबीतून आधीच काढलेल्या जुन्या नाण्याची घनताही मोजता येते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा, नाणं बारीक दोऱ्यानं पाण्यात लोंबकळवा, ते तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तेवढे घन सेंटिमीटर नाण्याचं आकारमान. ९२५ चांदीचं ३१.१ ग्रॅमचं नाणं साधारण ३.०० दाखवेल. साडेतीन दाखवलं तर ते चांदीचं नाही. प्रूफ नाण्यावर हा प्रयोग करू नका, पाण्याचे डाग आरशावर राहतात.

चुंबक लावून खात्री झाली असं मानू नका. चांदी चिकटत नाही तसं तांबं-निकेलही चिकटत नाही. चुंबकानं फक्त पोलादी नकल पकडली जाते.

भिंगाखाली आरशासारख्या भागावर रेषा दिसतील. त्या दोन प्रकारच्या असतात आणि त्यांतला फरक पैशांत मोठा पडतो. ठसा पॉलिश करताना राहिलेल्या रेषा नाण्यावर किंचित उंच असतात, आणि विमानाच्या कडेपाशी येऊन थांबतात, कारण पॉलिश ठशाच्या सपाट भागावरच झालेलं असतं. त्या टांकसाळीच्या आहेत, दोष नाहीत. पुसताना पडलेले ओरखडे मात्र खोल असतात आणि सपाट भागावरून विमानाच्या अंगावर चढून पुढे जातात. अशी रेषा दिसली की समजा, कुणीतरी कापडानं पुसलंय. भाव तिथेच पडतो.

चांदीवर कधी कधी दुधासारखे पांढरट डाग येतात, विशेषतः ९९९ चांदीवर. चकती धुतल्यावर तिच्यावर राहिलेल्या रसायनाचा अंश भाजला जाऊन हे होतं असं मानतात. डाग वर्षभरानंही उमटू शकतात, आणि नाण्याला धक्का न लावता ते निघत नाहीत. असं नाणं स्वस्तात मिळालं तर घ्या, ‘साफ करू’ म्हणून घेऊ नका.

आपल्या हवेत जपणं

मुंबई, कोकण आणि गोव्याची पावसाळी हवा चांदीची वैरी. नाणी हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. लहान डिजिटल आर्द्रतामापक डब्यातच ठेवला की अंदाज बांधावा लागत नाही. रंग बदलणारी जेल वापरा, रंग बदलला की सुमारे १२० अंशांवर दोन-तीन तास तापवली की ती पुन्हा चालते. पुडी नाण्याला टेकू नये.

गोल डबी नाण्याच्या मापाचीच हवी. २८.४ मिलिमीटरचं नाणं ३० च्या डबीत ठेवलं तर ते आत फिरतं, आणि प्रत्येक हालचालीला काठावर ओरखडा पडतो. मऊ पारदर्शक पाकिटांचा अल्बम सर्वांत घातक. ते पीव्हीसी असेल तर काही वर्षांत त्यातून आम्लयुक्त वाफ सुटते आणि नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. असा थर दिसला तर शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणं बुडवा, काही मिनिटांनी दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमध्ये, आणि न पुसता हवेत वाळू द्या. खिडक्या उघड्या, जवळपास ज्योत नको, आणि नेलपॉलिश काढायचं द्रावण वापरू नका, त्यात तेल आणि सुगंध असतो. रबरबँड, लोकरीचं कापड आणि तपकिरी पुठ्ठा यांतल्या गंधकानं चांदी काळवंडते, ते डब्यात नकोत.

चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट, खायचा सोडा यांपैकी काहीही लावू नका. देवघरातल्या समईला जे चालतं ते प्रूफ आरशाला एका घासण्यात संपवतं. काळवंडलेलं पण न पुसलेलं नाणं, चकचकीत पण घासलेल्या नाण्यापेक्षा जाणकाराला जास्त किमतीचं असतं.

विकायची वेळ आली तर मूळ पेटी आणि प्रमाणपत्र सोबत असणं भावात धरलं जातं. पण प्रमाणपत्र हा नाण्याच्या खरेपणाचा पुरावा नाही, कागद छापणं नाणं पाडण्यापेक्षा सोपं आहे. बंद प्लास्टिकच्या पट्टीत ‘प्रूफ ७०’ असा दर्जा (७० म्हणजे सर्वांत वरचा) देणाऱ्या परदेशी संस्थांचा बाजारात मान आहे. मात्र आजकालची प्रूफ नाणी टांकसाळीतूनच इतकी निर्दोष निघतात की ६९ आणि ७० यांतला फरक बिनभिंगानं सापडत नाही. त्या एका अंकासाठी दुप्पट मोजण्याआधी, तेवढ्याच पैशांत दुसरं विमान घेता येईल का ते पाहा. आणि परदेशातून चांदी-सोन्याची नाणी टपालानं मागवत असाल तर ऑर्डर देण्याआधी त्या दिवशीचे आयातीचे नियम आणि सीमाशुल्क विचारून घ्या. नियम बदलत राहतात, आणि अडकलेलं पार्सल सोडवताना लागणारा खर्च कुठल्याच हिशेबात धरलेला नसतो.